दिवसा नऊ, रात्री एकोणीस

मे १९९९. तिसरा रविवार, दुपारी अडीच. स्थळ: गिरीज, आमच्या वाडीला लागून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीतला तळमजल्यावरचा पहिला फ्लॅट.

हजर: अनिरुद्ध, वय तेवीस, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटरचा मालक. त्याची आई, जिला आम्ही सगळे काकू म्हणायचो. ज्युली, माझी कॉलेजातली मैत्रीण, सांडोरहून सायकलवर आलेली. इमारतीतली सहा माणसं. त्यांची नावं वहीत आहेत, इथे गरज नाही. दारात, चपला काढून पण आत न येता उभे असलेले माझे बाबा. आणि मी, सुषमा, वय वीस, हातात वही. बाबांचा तीन हॉर्सपॉवरचा पंप त्या वेळी हजर होता की गैरहजर, यावर वाद झाला. त्या वादाचा निकाल माझ्या बाजूने लागायचा अजून बाकी आहे.

यंदाही मे आला. वाडीतल्या बावखलाचं पाणी खाली गेलं आणि काठाच्या दगडांवर एकेका आठवड्याची रेघ उमटली. आमच्याकडे बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर केळी जगतात, आणि केळींवर आम्ही. दुपारी मोगऱ्याच्या न तोडलेल्या कळ्या उन्हात भाजून तपकिरी होतात, तेव्हा त्यांना एक जळकट गोड वास येतो. केळीची पानं मधल्या शिरेशी दुमडून छपरासारखी उतरती होतात. दोन ते चार या वेळात कावळासुद्धा ओरडत नाही. आता पंपही ओरडत नाही, कारण नवा पंप बोअरमध्ये खोल बुडवलेला आहे. बटण दाबलं की नळीतून पाणी येतं, इतकंच कळतं. इतकी शांतता की माझं डोकं फिरतं. ही शांतता अनिरुद्धला हवी होती. ती आली तेव्हा तो इथून निघून गेलेला होता.

मला याद्या करायची सवय आहे. वसई पूर्वेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं आहे. तिथे जे आलं ते लिहायचं, जे गेलं ते लिहायचं, आणि जे यायचं राहिलं त्याच्यापुढे लाल शाईने ‘बाकी’ लिहायचं. घरीही मी तसंच करते. बहुतेक बाक्या महिन्याभरात मिटतात. एक मिटलेली नाही. ती दर मे महिन्यात मी नव्या पानावर उतरवून घेते, आणि उतरवताना अक्षर जरा जास्तच नीट येतं.

आमच्या बोलण्यात विजेला लाइट म्हणतात. लाइट आली, लाइट गेली, लाइट कमी आहे, शेजारच्याने लाइट ओढली. त्यामुळे नव्वदच्या दशकात आमच्या गावात एक वाक्य सगळे अगदी सहज बोलायचे: दिवसा लाइट कमी असते, रात्री भरपूर. डोक्यावर मे महिन्याचं ऊन असताना हे वाक्य ऐकून नव्या इमारतीतली मंडळी हसायची. पण ते खरं होतं. दुपारी चार वाजले की सगळ्या वाड्यांचे पंप एकदम सुरू व्हायचे, पंख्याची पाती मोजता यायची आणि ट्यूबलाइट नुसती फडफडायची. अंधार पडता पडता, सात-साडेसातला, पंप बंद झाले की पंखा जोरात फिरायला लागायचा. या एका वाक्यामुळे सगळा घोटाळा झाला. म्हणजे घोटाळा अनिरुद्धने केला, पण तो लपला या वाक्यात.

त्याच्याकडे कॉम्प्युटर आला तो मार्चमध्ये. पांढरा डबा, फुगीर पाठीचा मॉनिटर, खाली यूपीएस, आणि तो सगळा संसार ज्या खिडकीशी मांडला ती खिडकी आमच्या केळींकडे उघडायची. मी तिथे जायला लागले टायपिंगसाठी. त्याने मला टायपिंग करू दिलं, बदल्यात मी त्याची वही ठेवायची असं ठरलं. त्याच्याकडे विमान चालवायचा खेळ होता. खेळ म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. ‘सिम्युलेटर म्हण, सुषमा. खेळ तुमचा लंगडीचा.’ हातात काळी दांडी, पडद्यावर विमानाच्या पुढच्या काचा, काट्यांच्या तबकड्या, आणि पलीकडे कुठल्या तरी परदेशातली हिरवी जमीन. त्याला वैमानिक व्हायचं होतं. तो घरात, पंख्याखाली, गॉगल लावून बसायचा.

‘गॉगल काढ रे,’ ज्युली पहिल्याच दिवशी म्हणाली. ‘तुला तर दिवसापन रात्रच दिसत असेल.’

हसण्यावारी गेलं ते वाक्य. आता आठवलं की वाटतं, ज्युलीने महिनाभर आधीच निकाल सांगून ठेवला होता.

वहीत मी काय लिहायची? तारीख, वेळ, विमानतळ, उतरताना विमान आपटलं की टेकलं, आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. दोन बटणं एकत्र दाबली की तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा. एका सेकंदात कॉम्प्युटर किती चित्रं काढून दाखवतो, तो हा आकडा. त्याला फ्रेम रेट म्हणतात. चित्रं भराभर आली की विमान पाण्यावरून सरकल्यासारखं जातं. कमी आली की ते उचक्या लागल्यासारखं चालतं: आत्ता धावपट्टी लांब आहे, मग एकदम नाकासमोर, मग तुम्ही जमिनीत. दुपारी आकडा नऊ असायचा, कधी आठ. रात्री साडेसातनंतर एकोणीस, वीस. रोज तसंच. मी रकाना भरायची आणि मला त्या शिस्तीचं कौतुक वाटायचं.

कारण कोणीही सांगितलं असतं: दिवसा लाइट कमी. पंपांमुळे. वाडीच्या कडेला, त्या खिडकीपासून वीस पावलांवर, आमच्या पंपाची खोली होती. दुपारी एकला बाबा पंप सुरू करायचे तेव्हा यूपीएस एकदा ‘टुक’ करायचं. तेवढा पुरावा इमारतीला पुरला. अनिरुद्धने आकडा दाखवला, यूपीएसकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, ‘बघा, आमच्या मुलाच्या अभ्यासाची लाइट तुमच्या केळी पितात.’ कोणीतरी म्हणालं की सोसायटीतर्फे अर्ज करू. बाबांना अर्ज हा शब्द ऐकला की घाम फुटतो.

अनिरुद्ध स्वतः वाडीत आला. मी पाटातलं गवत काढत होते. तो बाबांना म्हणाला, ‘काका, दुपारी एक ते चार जरा पंप बंद ठेवाल का? चारनंतर चालवा की.’

बाबा म्हणाले, ‘चारनंतर समदे लावतात रे. मोटर नुसती घुमते, पानी वर चढत नाय.’

‘पाणी म्हणा काका, पाणी. ण.’

बाबा हसले. ‘तू बोल पाणी, मी बोलतो पानी. केलीला दोन्ही चालतं.’

मी हसले नाही. बाबांनी मात्र मान डोलावली, कारण समोरचा शिकलेला होता, आणि शिकलेल्या माणसाने आकडा दाखवला होता. दुसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीच्या दारावर कागद लागला. रेघांच्या वहीचं पान, काळं स्केचपेन, ठळक अक्षरं, ‘बंद’ या शब्दाखाली दोन रेघा: दुपारी १ ते ४ पंप बंद. वर प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी. काम नीट केलं होतं, ते मला मान्य करावं लागेल. माझ्या स्टोअरमध्येही इतक्या टिकाऊ पाट्या नाहीत.

त्या वर्षी सकाळी आमच्या लाइनीवर लाइट टिकत नव्हती. रात्री पाट फिरवायचा तर अंधारात सापांची भीती, म्हणून दुपार हीच केळीची पाण्याची वेळ होती. ती गेल्यावर बाबा चारनंतर पंप लावायचे, मोटर कण्हत राहायची, नळीच्या तोंडाशी पाणी यायचं ते लाळेसारखं. मग बाबा बादली घ्यायचे. बावखलाच्या पायऱ्या उतरायच्या, भरायची, चढायचं, आळ्यात ओतायचं, परत उतरायचं. मी आणि आई दुसऱ्या टोकाने. आळ्यात ओतलेलं पाणी ‘स्स’ करून आत जायचं आणि माती पुन्हा तशीच तोंड उघडून बसायची. बादलीच्या कडीने बोटांना पडलेला लाल वळ रात्री भात कालवताना झोंबायचा. वेलची केळीच्या नव्या बागेत दोन रांगा होत्या, बाबांनी स्वतः कोंब निवडून लावलेल्या. त्यांची पानं कडेने करपायला लागली. घड बाहेर पडले ते खाली वाकायच्या आधीच थकलेले. त्या वर्षीची केळी माझ्या करंगळीएवढी झाली. बाबा एकेक घड हातात धरून बघायचे आणि सोडून द्यायचे.

आणि वीस पावलांवर, खिडकीत, विमान उडायचं.

एक आठवडा झाल्यावर मी वही उलटून पाहिली. पंप चालू असतानाच्या दुपारी: नऊ, आठ, नऊ, नऊ. पंप बंद ठेवलेल्या दुपारी: नऊ, नऊ, आठ, नऊ. मी दोन्ही रकान्यांखाली रेघ मारली आणि वही त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, ‘एका आठवड्यात असं काही सिद्ध होत नाही. तू कॉमर्सची ना?’

कॉमर्सचीच होते. म्हणून तर रकाना जुळला नाही की मला झोप येत नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी दोनला मी एकटी त्या खिडकीशी होते. काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या, तो पोस्टात गेला होता. मी टायपिंग संपवलं, खेळ उघडला, आणि वरची यादी एकेक करून वाचायला लागले. यादी दिसली की मी वाचतेच. तिसऱ्या ओळीत ‘वेळ’ असं होतं. त्यात पहाट, दिवस, संध्याकाळ, रात्र. म्हणजे खेळाला स्वतःची वेळ होती! कोणी काही सांगितलं नाही तर तो कॉम्प्युटरचं घड्याळ घ्यायचा: आपल्याकडे दुपार तर तिकडे दुपार, आपल्याकडे अंधार तर तिकडे अंधार. मी ‘रात्र’ निवडलं. पडदा काळा झाला, हिरवी जमीन गेली, झाडं गेली, विमानाची सावली गेली, उरल्या फक्त धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन माळा. कोपऱ्यातला आकडा: एकोणीस.

बाहेर रखरखीत ऊन. घड्याळात दोन वाजून सात मिनिटं.

मी ‘दिवस’ केलं: नऊ. ‘रात्र’: एकोणीस. सहा वेळा केलं, सहाही वेळा लिहिलं. लाइटचा, पंपाचा, केळीचा काही संबंध नव्हता. दिवसा त्या कॉम्प्युटरला डोंगर, शेतं, झाडं, सावल्या, सगळं काढत बसावं लागायचं, तो दमायचा. रात्री तो नुसता काळोख फासायचा आणि मोकळा व्हायचा. संध्याकाळी पंप बंद व्हायची वेळ आणि खेळात सूर्य मावळायची वेळ एकच होती, एवढीच सगळी गंमत. आणि त्या गमतीपायी आम्ही तिघं बावखलाच्या पायऱ्या मोजत होतो.

तो परत आला. मी त्याला दाखवलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. मी मनात वाक्यही तयार ठेवलं होतं: होतं असं, चल, कागद काढू.

तो म्हणाला, ‘माहीत आहे गं.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या आठवड्यापासून. पुस्तिकेत लिहिलंय ना.’

‘मग पंप?’

त्याने खिडकीकडे पाहिलं. त्याला खरंच थोडं अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तो हळू बोलला. ‘अगं, दुपारी त्या पंपाचा आवाज किती येतो. मला माझं इंजिन ऐकूच येत नाही.’

त्याचं इंजिन! दोन डब्यांतून, टेबलाच्या दोन टोकांना ठेवलेल्या स्पीकरमधून येणारं. त्या फुसफुशीसाठी त्याने खरं इंजिन बंद केलं होतं, ज्याच्या टोकाला खरं पाणी होतं. इतक्या वर्षांत मी या वाक्याला बरीच उत्तरं तयार केली आहेत. काही स्टोअरमध्ये उभ्या उभ्या, काही कपडे वाळत घालताना. त्या दुपारी मी वही बंद केली आणि घरी आले.

बाबांना सांगितलं. ते नळीला चिंधी बांधत होते. म्हणाले, ‘जाऊ दे बाय. पोरगं हाय. जूनपर्यंतचा तर सवाल हाय.’ काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अनिरुद्ध असं करणार नाही. आणि तुला त्यातलं काय कळतं?’ तेव्हा मी ठरवलं की हे एकेकट्याला सांगून होणार नाही. साक्षीदार लागतील. आणि नुसतं सिद्ध करून भागणार नाही, तो आपटायला हवा. सगळ्यांसमोर. गॉगलसकट.

सुडाचं नियोजन मी आयुष्यात एकदाच केलं, पण चांगलं केलं. अनिरुद्धने रविवारी इमारतीतल्या लोकांसाठी विमान उतरवायची स्पर्धा ठेवली होती. वही माझ्याकडे, म्हणून क्रम आणि विमानतळ ठरवायचं कामही माझ्याकडे. त्याची युक्ती मला कळून चुकली होती: इतरांना तो दिवस द्यायचा, स्वतःची पाळी आली की ‘कठीण करतो’ म्हणून रात्र लावायचा, कुठल्या तरी बेटावरची, जिथे धावपट्टीशिवाय एक दिवा नसतो. लोकांना वाटायचं, काय धाडस! काळोखात उतरवतो! आणि विमान लोण्यासारखं टेकायचं.

मी चार दिवस टायपिंगच्या निमित्ताने, तो घरात नसताना अभ्यास केला. रात्र स्वस्त पडते ती काळोख असेल तिथे. मोठ्या शहरावर नेलं की हजारो खिडक्या, रस्त्यांचे दिवे, पुलांचे दिवे. ‘शहराचे दिवे’ ही ओळ पूर्ण वर सरकवली की तोच कॉम्प्युटर गुडघ्यांवर येतो. माझ्या वहीत तो आकडा आहे: पाच. एका संध्याकाळी चारही आला होता. मी तो पाहून एकटीच हसले होते, आणि माझं हसू मॉनिटरच्या काचेत दिसलं होतं. चांगलं नव्हतं ते. मला आवडलं.

दिव्यांची ती ओळ मी शनिवारीच वर सरकवून ठेवली. योजना दोन भागांची. आधी पंप बंद असताना त्याला शहरावर रात्री उतरवायचं: आकडा पाच, विमान जमिनीत. लगेच पंप सुरू करून, बेटावर रात्र लावून दाखवायचं: आकडा एकोणीस. म्हणजे पंपाची निर्दोष सुटका, साक्षीदारांसमोर. बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की रविवारी पंपाचा फ्यूज काढून ठेवा, चुकूनसुद्धा कोणी लावायला नको.

तर रविवार. खिडकीचे पडदे ओढलेले, खोलीत माणसांचा आणि आंब्यांचा उबारा. एकेकाने विमान आपटलं आणि हसून उठला. ज्युलीने ते समुद्रात घातलं आणि म्हणाली, ‘माझे काका मच्छीवाले, मला पान्याची ओढ.’ माझं विमान धावपट्टीच्या बाजूच्या शेतात उतरलं, पण अख्खं. मग अनिरुद्ध. ‘आपण रात्री उतरवू,’ तो म्हणाला. ‘जरा कठीण करू.’

‘करू की,’ मी म्हटलं, आणि त्याच्या पाळीसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी उघडून शहराचं नाव वाचलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा माणसं बघत असताना नाही म्हणता येईना. त्याने गॉगल डोक्यावर सरकवला. शहर आलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. काळ्या कापडावर मोती सांडल्यासारखं. पण ते सरकत नव्हतं. एक चित्र. मग दुसरं. दांडी डावीकडे गेली की विमान थोड्या वेळाने, विचार करून, डावीकडे जायचं. ‘अरे, अरे,’ कोणीतरी म्हणालं. एका चित्रात इमारत लांब होती. पुढच्यात तिच्या खिडक्या मोजता आल्या. त्याच्या पुढच्यात विमान नव्हतं.

खोलीत दोन क्षण काही नाही. मला त्या दोन क्षणांची चव अजून आठवते, कच्च्या कैरीला मीठ लावल्यासारखी.

मग अनिरुद्ध खुर्ची मागे सारून म्हणाला, ‘पंप! पंप चालू आहे. काकांनी पंप लावलाय!’

बाहेर पंपाचा आवाज नव्हता, तरी सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाबा तिथे उभे होते. मुलगी काय करते ते बघायला आले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पांढरा चिनी मातीचा फ्यूज बाहेर काढला. मग पहिल्यांदाच आत आले, पाय पुसून, आणि तो टेबलावर, त्या काळ्या दांडीशेजारी ठेवला.

‘ह्यो बघ,’ ते म्हणाले. ‘सकालपासून खिशात हाय.’

मी वही उघडली. दुसऱ्या भागाची वेळ झाली होती. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अनिरुद्ध म्हणाला, ‘मग शेजारच्या वाडीतला असेल.’

‘असणारच,’ काकू म्हणाल्या. ‘सगळ्यांचेच चालू असतात. चला, पन्हं घ्या.’

आणि माणसं पन्ह्याकडे गेली. मी ‘थांबा, अजून एक दाखवायचंय’ म्हणत होते. कोणी थांबलं नाही. त्यांना निकाल नको होता, त्यांना पन्हं हवं होतं, आणि पन्हं, वाईट वाटतं सांगायला, फार चांगलं झालं होतं. ज्युली तेवढी माझ्याजवळ उभी राहिली. बाबांनीसुद्धा दोन पेले घेतले. ‘वेलची मस्त पडलीय,’ म्हणाले काकूंना. मग टेबलावरचा फ्यूज उचलून परत खिशात ठेवला आणि चार वाजेपर्यंत थांबून, कागदाप्रमाणे, चारलाच पंप लावला. तो जूनचा पाऊस येईपर्यंत चारलाच लावला. दोन रांगांपैकी एक आम्ही त्या पावसाळ्यात उपटली.

अनिरुद्ध वैमानिक झाला नाही. यात माझा काही हात नाही. पण नाही झाला, हे मी नोंदवून ठेवते. तो परदेशात कॉम्प्युटरचंच काही करतो. काकू गेल्यावर फ्लॅट बंद असतो. दर एक-दोन वर्षांनी तो मे महिन्यात येतो, फ्लॅट झाडून घेतो आणि जातो. पंपाची खोली अजून आहे. आत आता कुदळी आणि खताची पोती असतात. दारावर कागदही आहे. प्लास्टिक पिवळं पडलं, शाई चहाच्या रंगाची झाली, ‘१ ते ४’मधला चार कसरीने कुरतडला. दारं दोनदा रंगवली, मी दोन्ही वेळा रंगाऱ्याला कागदाच्या भोवतीने ब्रश फिरवायला लावला.

‘काड आता ते,’ बाबा म्हणतात. त्यांचं वय आता ऐंशीला आलंय. ‘लोक इचारतात, पंप कुठे हाय?’

‘ज्याने लावलाय तो काढेल,’ मी म्हणते.

ज्युली चर्चला जाते, शाळेत शिकवते, माझ्यापेक्षा बरी माणूस आहे. मी तिला एकदा विचारलं, तुमच्यात माफीचं कसं असतं? ती म्हणाली, ‘आमच्यात कुमसार असतो. पाद्रींपुढे गुडघे टेकून आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी अमुक केलं. मग माफी.’ मला हा क्रम पटला. आधी आवक, मग जावक. तेव्हापासून ती फोन केला की पहिलं हेच विचारते: ‘काय गो, झाला का तुझ्या पायलटचा कुमसार?’

यंदा मी तयारी चोख ठेवली होती. त्याचा फोन आला होता: ‘सुषमा, येतोय. तुमच्या वाडीतली वेलची केळी मिळतील का? तिकडे तशी मिळत नाहीत.’ मी म्हटलं, ‘ये की, घड राखून ठेवते.’ आवाज गोड ठेवला. पंपाच्या खोलीशी स्टूल ठेवलं, ओलं फडकं, पत्र्याची खरवडणी, आणि वही; १९९९ची, खूण घातलेली, दोन वाजून सात मिनिटांचं पान. तो घड मागेल, मी त्याला दाराशी नेईन, म्हणेन, आधी हे. बोलायचं काय ते सगळं लिहून काढलं होतं, दीड पान.

तो आला शनिवारी, मी कारखान्यात असताना.

संध्याकाळी घरी आले तर घड नव्हता. बाबा ओटीवर बसले होते. ‘अनिरुद्ध आलता,’ म्हणाले. ‘चांगला जाडा झालाय. घड दिला. चहा पन दिला.’

‘आणि कागद?’

‘बघितला त्याने. वाडीत फिरलो ना आमी, तवा. वाचला. हसला. मला इचारतो, काका, हे कोणी लिहिलंय?’

मी पायातली चप्पल तशीच ठेवून उभी राहिले.

‘मग तुम्ही काय सांगितलं?’

‘काय सांगनार? बोललो, असंच, कोनीतरी. पूर्वीचं हाय.’

‘बाबा, त्याचं अक्षर आहे ते.’

‘माज्या ध्यानात हाय, बाय,’ बाबा म्हणाले. ‘त्याच्या ध्यानात नाय.’

मी वाडीत गेले. स्टूल होतं तिथेच होतं. फडकं वाळून काठीसारखं झालं होतं. ‘बंद’ या शब्दाखालच्या दोन रेघांवरून मी नख फिरवलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तो कागद त्यालाही टोचत असेल, निदान मे महिन्यात. त्याच्याकडे तर हे पानच नव्हतं. पलीकडे जमिनीवर घड कापलेल्या जागी चीक सांडला होता आणि त्यावर मुंग्या आल्या होत्या. मी नळी सोडली. पाणी निमूटपणे आलं.

मग घरात येऊन यादीचं नवं पान काढलं. मे, शनिवार, संध्याकाळ. स्टूल आत ठेवणे: झालं. खरवडणी कोरडी करणे: झालं. जुनी वही कपाटात: झालं. शेवटची ओळ इतकी वर्षं ‘कागद काढणे, अनिरुद्ध’ अशी असायची. यंदा तिच्या आधी एक ओळ वाढवावी लागली. तो सोमवारी पहाटे जाणार आहे, फ्लॅटची खिडकी उघडी दिसते, आत दिवा आहे. वीस पावलं.

अक्षर कोणाचं आहे ते त्याला सांगणे: बाकी.